रोमन लिपीतला एच: नाशिकच्या स्पेलिंगमधून समजून घेऊ

रेल्वेच्या तिकिटावर नाशिकरोडचं नाव रोमन लिपीत एन-ए-एस-आय-के असं येतं. स्टेशनचा कोडही एनके. महापालिकेच्या कागदांवर मात्र त्याच गावाच्या नावात एसनंतर एच असतो. १८८३ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड या जिल्ह्याचा आहे, त्याच्या नावातही एच नाही. आणि गंमत अशी की 'नाशिक' म्हणताना 'ह' कुठेच ऐकू येत नाही. तो एच एवढंच सांगतो, की आधीचा एस 'स' म्हणून वाचू नका, 'श' म्हणून वाचा.

एचचं बहुतेक आयुष्य असंच गेलं आहे. स्वतःचा आवाज थोडा, आणि शेजारच्या अक्षराचा आवाज बदलून दाखवण्याचं काम फार. मराठी नावं रोमन लिपीत लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच एचपाशी येऊन थांबतात. तो कुठून आला आणि कुठे कोणतं काम करतो हे कळलं, की त्या चुका आपोआप दिसायला लागतात.

आकार कुठून आला

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्राचीन फिनिशियन लोकांच्या लिपीत 'हेथ' नावाचं अक्षर होतं: दोन उभ्या रेघा आणि त्यांना जोडणाऱ्या दोन-तीन आडव्या. त्याचा आवाज आपल्या 'ह'पेक्षा खोल, घशातून घासून येणारा. अरबीत 'हज' शब्दाची सुरुवात ज्या आवाजाने होते, तसा. साधा 'ह' लिहायला फिनिशियनांकडे वेगळं अक्षर होतं, 'हे' नावाचं. इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास ग्रीकांनी ही लिपी उचलली तेव्हा 'हे'चा त्यांनी 'ए' स्वर केला, तोच आजचा रोमन ई. 'ह'साठी त्यांनी हेथ घेतला. पुढे वरची आणि खालची आडवी रेघ गळाली, मधली राहिली, आणि आज दिसतो तो आकार तयार झाला.

इथे ग्रीकांच्यात दोन वाटा झाल्या. पूर्वेकडच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन शहरांच्या बोलीत 'ह' हा आवाजच नाहीसा झाला. त्यामुळे 'हेटा' हे अक्षराचं नाव 'एटा' झालं आणि अक्षर दीर्घ 'ए' दाखवू लागलं. अथेन्सने इ.स.पू. ४०३ च्या सुमारास ही आयोनियन लिपी अधिकृतपणे स्वीकारली, म्हणून ग्रीकमध्ये हा आकार आजही स्वरच आहे. इटलीत वसलेल्या पश्चिमेकडच्या ग्रीकांनी मात्र त्याचा 'ह' टिकवला. त्यांच्याकडून तो इटलीतल्याच प्राचीन एट्रुस्कन लोकांकडे आणि तिथून रोमकडे गेला. रशियन मजकुरात हाच आकार 'न' म्हणून वाचतात, पण त्याचा एचशी काही संबंध नाही. ते ग्रीकचं 'न्यू' हे अक्षर आहे, त्याची तिरकी रेघ काळाच्या ओघात आडवी झाली इतकंच.

मदतनीस म्हणून एचची नेमणूकही फार जुनी. इटलीतल्या पॅलेस्ट्रिना इथे सापडलेल्या सोन्याच्या एका पिनेवर, 'मानियसने मला नुमासियससाठी घडवलं' अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. इ.स.पू. सातव्या शतकातली ही ओळ लॅटिनच्या सर्वांत जुन्या लेखांत गणली जाते. ती खोटी असल्याचा संशय बरीच वर्षं होता; २०११ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीने ती अस्सल ठरवली. त्यातल्या 'घडवलं' या क्रियापदात 'फ' आवाजासाठी एफ आणि एच अशी जोडी दोनदा आली आहे. त्या काळी एफ एकटा असला की 'व' वाचत. 'फ' हवा असेल तर शेजारी एच. पुढे 'व'चं काम दुसऱ्या अक्षराकडे गेलं आणि एफला एचची गरज उरली नाही. नाशिकच्या स्पेलिंगमध्ये एस आणि एच जे करतात, तेच या पिनेवर एफ आणि एच करत होते.

रोमन लोकांनी ख, थ, फ कसे लिहिले

बोलीभाषेत रोमन लोकांचा 'ह' लवकरच पातळ झाला. हंस या पक्ष्याचं उदाहरण घ्या. संस्कृतातला 'हंस', जर्मनमधला 'गान्स' आणि इंग्रजीतला 'गूस' हे एकाच मुळाचे शब्द. लॅटिनमध्ये त्याचा भाऊ 'आन्सेर' आहे, सुरुवातीचा 'ह' गळालेला. शिकलेले लोक 'ह' म्हणत, बाकीचे गाळत, आणि शिकलेलं दिसायची हौस असलेले नको तिथेही घालत. इ.स.पू. पहिल्या शतकातल्या कॅटुलस या कवीने अशा एका माणसावर, अरियसवर, अख्खी कविता लिहिली आहे.

त्याच सुमारास ग्रीक शब्दांचा लॅटिनमध्ये पूर आला होता, आणि ग्रीकमध्ये तीन आवाज होते जे लॅटिनमध्ये नव्हते. त्यांचं वर्णन युरोपातल्या मुलांना समजावताना शिक्षकांची दमछाक होते. मराठी वाचकाला एका ओळीत सांगता येतं. ते आवाज होते ख, थ आणि फ. अगदी आपले महाप्राण, म्हणजे श्वास जोराने सोडून म्हणायची व्यंजनं. रोमन लेखनिकांनी ते ऐकले तसे लिहिले: क अधिक ह म्हणून सी-एच, त अधिक ह म्हणून टी-एच, प अधिक ह म्हणून पी-एच. सुरुवातीला यात सरमिसळ होती. इ.स.पू. १४६ मध्ये ग्रीसमधलं कोरिंथ शहर जिंकणाऱ्या मम्मियस या रोमन सेनापतीच्या शिलालेखात अखाया या तिथल्या प्रदेशाच्या नावात एच आहे, कोरिंथच्या नावात नाही. हळूहळू पद्धत बसली.

नंतर ग्रीकांचे उच्चार बदलले. ओठ मिटून म्हणायचा 'फ' हवेवर घासून, दात ओठाला टेकवून म्हणायचा झाला. थ आणि ख यांचंही तसंच. स्पेलिंग मात्र तसंच राहिलं. म्हणून फोटो, फिलॉसॉफी, फार्मसी यांत पी-एच आहे आणि उच्चार एफचा आहे. मराठीत हाच बदल आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. फूल, फळ, निफाड हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडून दोन्ही ओठ मिटून येतात, तरुणांच्या तोंडून पुष्कळदा दात लावून. निफाडच्या स्पेलिंगमध्ये पी-एच आहे, ते जुन्या उच्चाराला धरून आहे.

इंग्रजीत एच इतका का दिसतो

इंग्रजी मजकुरात दर शंभर अक्षरांत साधारण सहा एच असतात. त्यातले बहुतेक 'द', 'दॅट', 'धिस' अशा शब्दांमधले, म्हणजे पुन्हा मदतनीसच. जुन्या इंग्रजीत या आवाजासाठी 'थॉर्न' नावाचं स्वतंत्र अक्षर होतं. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर नॉर्मन-फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि त्यांच्यासोबत जोडअक्षरांची सवय आली: सी-एच, एस-एच, जी-एच, आणि थॉर्नच्या जागी टी-एच. आधी 'ह्वात' असा लिहिला जाणारा शब्द डब्ल्यू-एच असा उलटून लिहिला जाऊ लागला. 'नाइट' म्हणजे रात्र या शब्दातला जी-एच एकेकाळी खरोखर उच्चारला जात असे, घशातल्या 'ख'सारखा. आवाज गेला, अक्षरं राहिली. भुताच्या 'घोस्ट'मध्ये असा कोणताच आवाज कधी नव्हता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तेव्हा फ्लेमिश भाषेच्या वळणातून तो एच आत शिरला असं मानतात. 'ऑथर' या शब्दातला एचही मागाहून लावलेला. तो मुळात ग्रीक नाहीच. पण स्पेलिंग बघून लोक 'थ'सारखा उच्चार करू लागले आणि तोच रूढ झाला.

आवर, ऑनेस्ट, ऑनर, एअर म्हणजे वारस: हे फ्रेंचमधून आलेले शब्द, यांत एच मुका. त्यांच्याआधी 'ॲन' येतो. हॉस्पिटल आणि हॉटेलही फ्रेंचमधूनच आले, पण स्पेलिंगच्या जोरावर त्यांचा 'ह' परत आला, म्हणून 'अ हॉस्पिटल'. नियम अक्षराचा नाही, आवाजाचा आहे. ओझरच्या विमान कारखान्याचं 'एचएएल' हे लघुरूप एक-एक अक्षर म्हणून वाचलं तर सुरुवात 'ए' स्वराने होते, म्हणून त्याआधीही 'ॲन'.

अक्षराचं नाव फ्रेंच 'आश'वरून आलं. त्या नावातही 'ह' नाही. आयर्लंडमध्ये अनेकजण 'हेच' म्हणतात, आपल्याकडे पुष्कळजण 'यच' म्हणतात. इतर भाषांत काय चालतं तेही थोडक्यात. स्पॅनिशमध्ये सी-एच ही जोडी सोडली तर एच मुका. इटालियनमध्ये तो क आणि ग यांचा कठीणपणा राखतो, म्हणून स्पॅगेटीत जी-एच. पोर्तुगीजमध्ये एन-एच म्हणजे 'न्य'. पेन्सिलीवर एच म्हणजे कठीण शिसं. सातबाऱ्यावरच्या हेक्टरचं आंतरराष्ट्रीय चिन्ह एच-ए, म्हणजे शंभर आर, दहा हजार चौरस मीटर.

आपल्या नावांमधला एच

त्रिरश्मी डोंगरातल्या पांडवलेण्यांत अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहावर ब्राह्मीत एक छोटा लेख आहे: 'नासिककानं धंभिकगामस दानं'. नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान, असा त्याचा अर्थ. यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, तेव्हा प्राकृतात नाव 'स'नेच लिहिलं जात होतं. म्हणजे एच नसलेलं इंग्रजी स्पेलिंग साहेबाने बिघडवलेलं नाही, ते नावाच्या जुन्या रूपाशी जुळतं. एच असलेलं स्पेलिंग आजच्या मराठी उच्चाराशी जुळतं. रोजच्या व्यवहारात दुसरंच वापरावं, कारण लोक बोलतात ते तेच. दुसरी गोष्ट, 'धंभिक'मधले ध आणि भ ब्राह्मीत एकेक अक्षर आहेत. रोमनमध्ये त्यांना दोन-दोन अक्षरं लागतात, आणि दोन्ही ठिकाणी दुसरा एच.

आपल्या लिपीने महाप्राणांना स्वतंत्र अक्षरं दिली. रोमनमध्ये दहाच्या दहा महाप्राणांचा भार एकट्या एचवर येतो. वर श, ष, च, साधा ह आणि विसर्गही त्याच्याकडेच. एका अक्षरावर एवढी कामं पडली की गोंधळ ठरलेलाच.

थ आणि ठ दोघांनाही टी-एच. पेठ तालुक्याचं नाव रोमनमध्ये वाचून बाहेरचा माणूस 'पेथ' म्हणतो, त्यात त्याची चूक नाही. दक्षिणेत तर टी म्हणजे ट, आणि टी-एच म्हणजे त. म्हणून तिकडच्या लता आणि कार्तिक यांच्या नावात एच असतो. तो पाहून 'लथा' किंवा 'कार्थिक' वाचू नये.

झ ची गोष्ट खास मराठी. 'माझी'मधला झ तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हणायचा, 'माझा'मधला दंत्य, म्हणजे दातांशी म्हणायचा, पण अक्षर एकच. ओझरमधला झ दंत्य आहे. म्हणून कोणी जे-एच लिहितं, कोणी झेड, आणि दोन्ही पाट्या दिसतात. झेड कानाला जवळचा, जे-एच लिपीला जवळचा.

म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह हे मराठीचे लाडके आवाज. यांत आधी म आणि मग ह असे दोन तुकडे पडत नाहीत. म म्हणतानाच श्वास सैल सुटतो. घशावर बोट ठेवून 'म्हैस' म्हणून पाहा, कंप सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणवेल. आपल्या 'ह'लाही कंप असतो, इंग्रजी 'हाउस'च्या एचला नसतो. म्हसरूळचं स्पेलिंग एम-एचने सुरू होतं. ते वाचून 'महसरूळ' म्हणणारे भेटतात, कारण एम-एच ही जोडी इंग्रजीत शब्दाच्या आरंभी सहसा येत नाही. अनंत कान्हेरे मैदानाच्या नावात एन-एच आहे, तिथेही 'कानहेरे' होतं. उपाय म्हणून मध्ये ए घालू नये, त्याने चुकीचा उच्चार पक्का होतो. कऱ्हाडच्या रूढ स्पेलिंगमधून एच गळालाच, आणि त्या स्पेलिंगवरून नाव वाचणारे आता 'कराड' म्हणतात. चव्हाणांच्या आडनावाचंही तेच.

सर्वांत जास्त चूक होते ती एचच्या जागेची. ज्या व्यंजनाचा श्वास, त्याच्या लगेच मागे एच, हा नियम. गांधींच्या नावात तो डीच्या मागे आहे. परदेशात तो पुष्कळदा उडी मारून जीच्या मागे जातो, कारण जी-एच त्यांच्या डोळ्यांना ओळखीचा आणि डी-एच अनोळखी. आपल्याकडची चूक वेगळी. बुद्ध आणि सिद्धार्थ यांत द ला ध जोडलेला आहे, म्हणजे डी-डी-एच. अनेकजण डी-एच-एच लिहितात. छ चा सी-एच-एच सोडला, तर एकामागोमाग दोन एच फक्त तेव्हाच येतील जेव्हा दोन वेगळे आवाज असतील, जसं 'देशहित'मध्ये श चा एक आणि ह चा एक. विठ्ठलमध्ये लिपीत ठ ला ठ जोडलेला दिसतो, पण तोंडातून श्वास एकदाच सुटतो, म्हणून टी-टी-एच पुरेसं.

जोडशब्दांतही सापळा असतो. 'लोकहित' उच्चाराप्रमाणे लिहिलं तर के आणि एच शेजारी येतात आणि 'लोखित' वाचलं जातं. 'एकहाती'चं 'एखाती' होतं. अशा ठिकाणी मधला ए ठेवावा, तो बोलण्यात ऐकू आला नाही तरी. म्हसरूळमध्ये ए घालू नका म्हटलं, ते वेगळं होतं: तिथे आवाज एक आहे, इथे दोन आहेत.

अभ्यासकांनी या सगळ्यावर उपाय काढला आहे. १८९४ मध्ये जिनिव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेत ठरलेल्या धर्तीच्या लिप्यंतरात श साठी एसवर तिरकी रेघ, ष साठी एसखाली टिंब, ठ साठी टीखाली टिंब आणि मग एच. च ला नुसता सी, छ ला सी-एच. विसर्गाला एचखाली टिंब. या पद्धतीत नाशिकमध्ये एच लागतच नाही. सरकारी वापरातली हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मात्र च ला सी-एच आणि छ ला सी-एच-एच देते. घरगुती स्पेलिंगं याच वळणाची आहेत.

नाव एकदाच नीट ठरवायचं असेल तर

आधी नाव देवनागरीत लिहा. प्रत्येक महाप्राणाखाली खूण करा, श-ष असतील तर त्यांच्याखालीही. जितक्या खुणा, तितके एच; छ ला मात्र दोन, विठ्ठलमधल्या जोड-ठ ला मिळून एकच, आणि झ झेडने लिहिला तर त्याचा एकही नाही. च आणि ह यांचे वेगळे. मग रोमनमध्ये लिहून एच मोजा. आकडा जुळला नाही तर एक तर एच गळाला आहे किंवा जादा आला आहे. त्यानंतर शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक समोर ठेवा. नियमाने योग्य येणारं स्पेलिंग आणि कागदांवरचं स्पेलिंग वेगळं असेल, तर कागदांवरचंच चालू ठेवा, फक्त सगळीकडे एकच असू द्या. संगणकाला 'दिघे' आणि 'दिगे' ही वेगळी माणसं वाटतात, आणि एकाच माणसाच्या दोन कागदांवर एका ठिकाणी एच असला, दुसरीकडे नसला, की अर्ज अडकतो. मुलाचं नाव पहिल्यांदा नोंदवत असाल तर मात्र नियमाने चाला. ती संधी एकदाच मिळते.

शोध घेताना दोन्ही रूपं टाका. जुनी पुस्तकं, नकाशे, गॅझेटियर यांत नाशिक एचशिवाय सापडेल. रेल्वेचं तिकीट काढताना नावाऐवजी एनके टाकलं की स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही.

रोमन कळांनी मराठी टाइप करणाऱ्यांसाठी: आयट्रान्स पद्धतीत लहान टी-एच म्हणजे थ, मोठा टी आणि एच म्हणजे ठ. लहान एस-एच श, मोठा एस आणि एच ष. लहान एच ह, मोठा एच विसर्ग. 'दुःख' लिहिताना मोठा एच आणि त्यामागे के-एच, असे दोन एच लागतात आणि दोघांची कामं वेगळी. शब्द सुचवणाऱ्या मोबाइलच्या कळफलकात लहान-मोठ्याचा भेद सहसा लागत नाही, तो अंदाजाने शब्द पुढे करतो. थ-ठ असलेलं आडनाव असेल तर सुचवलेला शब्द वाचूनच पुढे जावं.

पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. पहिल्या ओळीतल्या पाच जागा दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांना जातात, उरलेल्या ३९ मध्ये आडनाव आणि नाव. तिथे फक्त मोठी सव्वीस रोमन अक्षरं आणि रिकाम्या जागा भरणारं एक चिन्ह चालतं. एसवरची तिरकी रेघ नाही, टीखालचं टिंब नाही. श, ठ, ध, म्ह यांच्यातलं जे काही तिथे पोहोचवायचं आहे, ते एचमधूनच पोहोचतं, आणि प्रत्येक एच एक जागा खातो. आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव मिळून ३९ च्या पुढे गेलं तर शेवटची अक्षरं कापली जातात, म्हणून लांब नावं असलेल्यांनी अर्ज भरण्याआधी जागा मोजून घ्याव्यात. आडनावानंतर दोन जागा आणि पुढच्या प्रत्येक नावामध्ये एक जागा भरणीच्या चिन्हाला जाते, हेही त्या मोजणीत धरावं.